मंगळवारच्या रिपोर्टमधल्या बुधवारच्या ओळी

आधीच सांगून टाकतो, अमानवीय वगैरे प्रकार मला झेपत नाहीत. भीती वाटते म्हणून नव्हे, कंटाळा येतो म्हणून. इथले अनुभव मी वाचतो ते जेवण झाल्यावर, बडीशेप चघळत, आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात "पुरावा?" असं लिहून पुढे सरकतो. आता माझ्यावरच वेळ आलीय. माझ्याकडे पुरावा आहे, एक छापील कागद... पण त्याचा उपयोग शून्य, कारण तो बघून कोणीही म्हणेल की हे तूच टाईप केलंस. असो. प्रश्न एका माणसाच्या जिवाचा होता, म्हणून लिहितोय.

मी नाशिकला, अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत आयटी सांभाळतो. आयटी विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि न चालणारे तीन प्रिंटर. कंपनीत त्रेचाळीस कॉम्प्युटर. कुठला कुठे आहे, कधी घेतला, त्यावर काय काय टाकलंय याची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. तेच वापरणाऱ्यांच्या हालचालीही टिपतं. कोण किती वाजता बसलं, कुठली फाईल उघडली, काय छापलं, दर पाच मिनिटांत किती बटणं दाबली... सगळं. दर मंगळवारी दुपारी मी आठवड्याचा हा लॉग एक्सेलमध्ये काढतो, माणसागणिक बेरीज करतो, काही वावगं दिसलं तर त्या ओळीला पिवळा रंग मारतो आणि मॅनेजरसाहेबांना पाठवतो. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. माणसं थापा मारतात, लॉग मारत नाही, असं माझं ठाम मत होतं.

तसा लॉगही कधी कधी हसं करतो म्हणा. पर्चेसच्या शुभांगी मॅडमच्या नावावर एकदा पंधरा मिनिटांत पंचवीस-तीस हजार बटणं निघाली. साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं, काम कसं करावं ते यांच्याकडून शिका म्हणाले. नंतर कळलं, मॅडम खाली गेटवर सामान बघायला गेल्या होत्या आणि जाताना जाडजूड रजिस्टर कीबोर्डवर ठेवून गेल्या होत्या. एकच बटण दाबलेलं राहिलं तरी मशीन मोजतच बसतं. तेव्हापासून बटणांचा आकडा फुगला की मी आधी रजिस्टर शोधतो.

आता पगारे काका. ड्रॉइंग सेक्शनला असतात. मूळचे मनमाडचे. बोर्ड-पेन्सिलच्या जमान्यापासून कंपनीत, रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं. टायपिंग एका बोटाने. एक वाजून पाच मिनिटांनी पत्त्यांचा गेम उघडणार, एक अठ्ठावीसला बंद. ती बेरीज मी "इतर" या रकान्यात टाकतो, हे त्यांना माहीत आहे, म्हणून मी दिसलो की हाक ठरलेली, "काय हवालदार, आज कोणाला पकडलं?" एका बाबतीत मात्र काका भयंकर कडक. त्यांच्या कीबोर्डवर कागदाचा चिटोरा ठेवलेलाही चालत नाही. काकूंनी शिवलेलं एक फडकं आहे, घरी जाताना तेवढं त्यावर घालायचं, बस.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवारी दुपारी लॉग काढला, तारखेप्रमाणे लावला, तर सगळ्यात खाली काकांच्या तीन ओळी. तारीख बुधवारची... म्हणजे उद्याची!

९:०६ – लॉगिन.
११:२० – फाईल उघडली : डावा ब्रॅकेट बदल ३.
११:४२ ते ११:४७ – बटणं आठ हजारांच्या वर, माऊस शून्य.

त्याखाली काही नाही. फाईल बंद केल्याची नोंद नाही, लॉगआउटही नाही.

मी घाबरलो वगैरे अजिबात नाही. कॉम्प्युटरच्या आतला छोटा सेल संपला की तारीख मागेपुढे होते, रोजचंच आहे. उलट मी शुभांगी मॅडमना बोलावून दाखवलं, "बघा मॅडम, टक्कर द्यायला माणूस आला."

"अगंबाई! काका आणि एवढी बटणं? डबा ठेवला असेल कीबोर्डवर."

काका डबा ठेवणार नाहीत, हे तेव्हा डोक्यात येऊन गेलं खरं. पण चहा आला, विषय मागे पडला. कागद छापला, ओळी पिवळ्या केल्या आणि सकाळी नवीन सेल बसवायचा असं ठरवलं.

बुधवारी सव्वाअकराच्या पुढे सेल घेऊन काकांच्या टेबलाशी गेलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं, तारीख बरोबर. वार बरोबर. घड्याळसुद्धा बरोबर.

"काका, काल तारीख बदलली होती का तुम्ही?"

"मी कशाला बदलू? पंचांग हाय का ते?"

मी हसलो आणि माझी नजर उघडलेल्या फाईलच्या नावावर गेली. डावा ब्रॅकेट बदल ३.

"ही फाईल कालची ना?"

"कालची कुठली? आत्ता पार्टीचा फोन आला, डावा ब्रॅकेट बदला म्हनून. पाच मिनटं झाली नाव देऊन. बाराला पाठवायची हाय, हट तिकडं, उजेड आडवू नको."

पाच मिनिटांपूर्वी जिला नाव मिळालं ती फाईल माझ्या कालच्या कागदावर होती. सवयीने मी आधी रजिस्टर शोधलं. टेबलावर रजिस्टर नव्हतं, डबा नव्हता, नेहमीसारखं लख्ख. मग त्या कीबोर्डवर पाच मिनिटं पडून राहण्यासारखं होतं काय? एकच गोष्ट होती. काकांचं डोकं.

तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट बघितलं. नाशिकची थंडी, सगळे स्वेटरमध्ये, आणि काकांच्या कपाळावर घाम. डाव्या हाताने माऊस सरकवल्यासारखं करत होते आणि उजव्या हाताने डावा दंड चोळत होते.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"सकाळी मिसळ हानली ना, तर्री लय झाली. ॲसिडिटी हाय, जाईल."

"आपण दवाखान्यात जाऊन येऊ."

"बारा वाजेपर्यंत जीव गेला तरी मी उठत नाय."

घड्याळात अकरा एकोणतीस. काकांशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. कंपनीच्या मेडिकल कॅम्पला ते तीन वर्षं हुलकावणी देत आलेत. मग मला जे सुचलं ते मी केलं. छातीवर हात ठेवला आणि धपकन खाली बसलो.

"काका... छातीत दुखतंय."

गॅदरिंगमध्ये मला कधी कोणी भालदाराचंही काम दिलं नव्हतं, पण त्या दिवशी जमलं. ब्रॅकेट गेला चुलीत, काका ताडकन उठले! "ए, बोलेरो काढा रे! निलेश पडला!" स्वतः मला बखोटीला धरून जिन्यावरून उतरवलं. मी "हळू काका, तुम्ही धरू नका" म्हणतोय आणि ते मलाच दटावतायत, "बोलू नको, दम लागंल."

दवाखाना कंपनीपासून पाच मिनिटांवर. काका आत शिरतानाच ओरडले, "आधी ह्याला बघा! तरणा पोरगा हाय, बायको वाट बघती ह्याची!" मला पलंगावर झोपवलं, शर्ट काढला, छातीला ईसीजीच्या चकत्या लावल्या. मी सिस्टरना सांगतोय, "मला काही झालेलं नाही, त्यांना बघा, प्लीज." त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात. गप पडा." काका शेजारी स्टुलावर बसले, माझा पाय थोपटत होते. "कायी होत नाय तुला, मी हाय ना..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्यावर येऊन पडलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकरा बेचाळीस.

डॉक्टर हातभर अंतरावर होते. पुढची गडबड मला तुकड्यातुकड्यांत आठवते. मला उठवून काकांना त्याच पलंगावर घेतलं, छाती दाबायला लागले, शॉक दिला. थांबलेलं हृदय सुरू झालं. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "ऑफिसात खुर्चीत पडले असते ना..." मी पॅसेजमध्ये, छातीला चकत्या तशाच चिकटलेल्या, ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी लॉग पुन्हा काढला. बुधवार, ९:०६ लॉगिन, ११:२० फाईल, आणि अकरा तीसनंतर काहीच नाही. बटणं नाहीत. मंगळवारी छापलेल्या कागदावर मात्र आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "सर, असं होऊच शकत नाही, एक्सेलमध्ये तुमच्याकडूनच काहीतरी पडलं असेल." पडलं असेल हो... पण मंगळवारी दुपारी त्या फाईलचं नाव मला कुठून सुचावं? शुभांगी मॅडमनी तो कागद बघितलेला आहे. रजिस्टर कीबोर्डवर ठेवायचं त्यांनी कायमचं बंद केलंय.

तर हे असं आहे. मी अजूनही भूतबित मानत नाही. फक्त तुम्हाला "पुरावा?" विचारणं सोडलंय.

दोन महिन्यांनी काका कामावर आले. कंपनीभर सांगत सुटले की निलेशला मी दवाखान्यात नेलं. आणि ते खरंच आहे! कागदाचं मी त्यांना घरी भेटायला गेलो तेव्हा सांगितलं होतं. दुपारी माझ्याकडे आले, म्हणाले, "दाखव तो कागद." चष्मा पुसून तिन्ही ओळी वाचल्या. आठ हजारांच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "एवढं टायपिंग मी उभ्या जल्मात केलं नाय." मी हसलो, ते हसले नाहीत. बोट खालच्या कोऱ्या जागेवर सरकवलं. मग खिशातून पेन काढलं आणि त्या शेवटच्या ओळीखाली, ड्रॉइंगवर लिहितात तशा सुबक, सरळ अक्षरात एक ओळ टाकली.

३:१० – चहा घेतला. पगारे.