आमच्या घराला अजून नाव नाही

रेगेन्सबर्गकर मंडळी, आज दुपारपासून मी तरंगतेच आहे.

सासूबाई गेल्यावर माझे सासरे, म्हणजे बाबा, सांगलीचं घर विकून आमच्याकडे आले. त्या घराचं नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. तीन आठवडे झाले, बाबांना धड झोप नाही, बॅग अजून बंदच. रोज एकच प्रश्न, "अगं, या घराचं नाव काय?" इथे जर्मनीत दारावरच्या बेलवर फक्त आडनाव असतं, हे त्यांना पटतच नाही.

आज वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी केक घेऊन आल्या. बाबांनी त्यांनाही तेच विचारलं. मी भाषांतर केलं.

आजींनी बायबलमधली बेथेलची गोष्ट सांगितली. घर सोडून निघालेला याकोब वाटेत दगड उशाला घेऊन झोपला. स्वप्नात त्याला आभाळाला टेकलेली शिडी दिसली, देव बोलला. तोवर त्या जागेला लूज म्हणत. सकाळी त्याने नाव दिलं बेथेल, हिब्रूत देवाचं घर.

"म्हणजे आधी झोप, मग नाव?" मी विचारलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत आजी हसल्या.

त्या गेल्यावर बाबा बाल्कनीत उन्हात बसले आणि चक्क झोपले! दोन तास. मी भांडीसुद्धा हळू घासली.

उठले तेव्हा चेहरा वेगळाच होता. "ती आली होती," म्हणाले. "खिडक्या आवडल्या तिला."

आत्ता बॅगेची चेन उघडल्याचा आवाज येतोय. नाव मी विचारलेलं नाही.

परक्या जागेत तुम्हाला पहिलं स्वप्न कुणाचं पडलं होतं?