पुढच्या रविवारी अर्नाळा

विलास तोरसकरांना कोणी विचारलं, तुम्ही कुठले, की ते चटकन सांगत, "वेंगुर्ल्याचे." विरारच्या फुलपाड्यात संसार मांडून तीस वर्षं झाली, मुलगी इथेच जन्मली, शिकली, नोकरीला परगावीसुद्धा गेली, पण हा माणूस स्वतःला विरारचा म्हणवून घेईल तर शपथ! त्यांच्या लेखी विरार म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. पहाटे डबा घेऊन निघायचं, मुंबईत एका विमा कचेरीत दिवसभर दावे तपासायचे आणि काळोखात घर गाठायचं. रजा साठवायची ती गावच्या गणपतीसाठी आणि मे महिन्यातल्या आंब्यांसाठी. समुद्र बघायचा तोही गावालाच. विरारला समुद्र आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण शेजाऱ्याकडे शिवणयंत्र आहे हे जसं आपल्याला ठाऊक असतं तसं.

उरला रविवार. तो मटणाच्या रांगेत, सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात आणि दुपारच्या झोपेत संपायचा. माणूस आळशी नव्हता हो, उगाच नावं ठेवू नयेत. सहा दिवस ज्याने लोकलमध्ये उभ्याने डुलक्या काढल्या, त्याला सातव्या दिवशी आडवं व्हायला मिळालं तर तो काय किल्ले बघत हिंडणार आहे?

पण किल्ल्याचीच गोष्ट त्यांच्या मानगुटीवर बसली, आणि बसवली ती त्यांनी स्वतःच.

ज्ञानदा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा तिसरीत होती. दिवाळीत सोसायटीच्या आवारात मुलांनी किल्ला करायचं काढलं. कोणी रायगड म्हणालं, कोणी प्रतापगड. ही म्हणाली, अर्नाळा. "आपल्या जवळचा आहे ना, बाबा? कसा आहे तो?" आता आली का पंचाईत! बाबांना ऐकून एवढंच माहीत, की किल्ला बेटावर आहे आणि आत गोड्या पाण्याची विहीर आहे. "आपण दोघं जाऊन बघू की," ते म्हणाले. "होडीतून जाऊ. पुढच्या रविवारी." पुढचा रविवार येईपर्यंत दिवाळी संपली. पोरीने न बघताच किल्ला उभा केला. मातीचे बुरूज, परातीत पाणी ओतून समुद्र, आणि मधोमध बाटलीच्या बुचात विहीर.

तिथून ते सुरूच झालं. "बाबा, अर्नाळा?" असं तिने विचारायचं आणि "पुढच्या रविवारी, नक्की!" असं यांनी म्हणायचं. पाचवीत, सातवीत, दहावीच्या सुट्टीत, कॉलेजात. हैदराबादला नोकरीवर जाताना बॅग उचलता उचलतासुद्धा तिने हसत विचारलं, "बाबा, अर्नाळा?" आणि यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुढच्या रविवारी." गाडी सुटल्यावर मात्र ते त्यांना फार लागलं. त्या रात्री जेवले नाहीत. बायकोने, मीराताईंनी, विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

मग निवृत्त झाले. आता रोजच रविवार. पण मुलगीच इथे नाही, तर एकट्याने जाऊन काय करायचं?

आणि गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. वसईच्या एका कॉलेजात खाऱ्या जमिनींवर परिषद होती. ज्ञानदाचा विषयच तो. शुक्रवार-शनिवार परिषद, रविवारी परतीची गाडी संध्याकाळची. "बाबा, राहुरीचे निमसे सर आहेत आणि परभणीच्या कऱ्हाळे मॅडम. दोघं विचारतायत, रविवारी सकाळी तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, माझे बाबा तीस वर्षं आहेत तिथे, तेच दाखवतील."

"हात्तिच्या! त्यात काय एवढं," विलासराव म्हणाले. "अर्नाळ्याला नेतो सगळ्यांना."

तिकडून ज्ञानदा एवढंच म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर मीराताईंनी पोळी लाटता लाटता त्यांच्याकडे एक नजर टाकली. "तुम्ही दाखवणार? तुम्हाला इथलं रेशनचं दुकान सोडून काय माहीत आहे?"

"माहीत करून घेता येतं," विलासराव म्हणाले. पण मनातून ते हरखले होते. इतक्या वर्षांनी शब्द पाळायची संधी दारात चालून आली होती, आणि ही सुटली तर पोर पुन्हा कधी सवड काढून येईल कोण जाणे. एकच इच्छा होती त्यांची. किल्ला दोघांनी बघायचा, एकत्र, पहिल्यांदा. पाहुणे काय, बरोबर असले तर असले.

तरी पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून ते आधीच्या आठवड्यात गुपचूप अर्नाळ्याला जाऊन आले. घरी सांगितलं, पेन्शनीचं काम आहे. बसमधून उतरून सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर आले, तर बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, आणि समोर पाण्यापलीकडे किल्ला. इतक्या जवळ! विलासरावांना स्वतःचीच लाज वाटली. हा इथे होता, आणि आपण तीस वर्षं काय करत होतो?

होडीवाला सेबेस्टियन वाळूत बसून दोर गुंडाळत होता. पन्नाशीचा, काटक, तोंडाने सैल. विलासरावांनी आपला बेत सांगितला. नऊला होडी, दहाला किल्ला, साडेअकराला परत. चाकरमान्याचा बेत! सेबेस्टियन खो खो हसत सुटला.

"साहेब, पानी उतरलं की होडी चिखलात बसते. मग तुमी घड्याल बघा नायतर आभाल बघा. आनि रविवारी मी चर्चात मिस्सा सुटल्याबिगर होडी सोडत नाय, देव मेहेरबान तर सगलं मेहेरबान. त्या दिवशी भरती दुपारच्या आदी आहे. मिस्सा करून येतो, तुमी तवर या. बेस जमंल."

"किल्ल्यात विहीर कुठे आहे?" विलासरावांनी विचारलं.

"दरवाज्यातनं आत गेलात की सरल जा. पुडचं वलन कोनाला पन इचारा."

इतक्यात भरती चढली. बेटावरच्या बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यातून होडीत चढायला लागल्या. "चला साहेब, बसा," सेबेस्टियन म्हणाला. "आता निघतोच आहे. एकदा बघून या, म्हंजे रविवारी चुकायला नको."

विलासरावांनी पँट दुमडली, चपला हातात घेतल्या, पाण्यात पाऊल टाकलं. पाणी गार होतं. किल्ला समोर होता. शहाणा माणूस बसला असता, निम्मी चिंता तिथेच मिटली असती. पण त्यांना ते बाटलीचं बूच आठवलं. ते मागे फिरले.

"नको. मुलीबरोबर येईन. तिच्याआधी नाही जायचं मला."

सेबेस्टियनने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि होडी लोटली.

रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. निमसे सर उंच, मितभाषी; कऱ्हाळे मॅडम बोलक्या, आणि दोघांनीही जन्मात होडीत पाय ठेवलेला नव्हता. मीराताईंनी होडी लागते म्हणून घरीच राहून सगळ्यांसाठी घावने-चटणी बांधून दिली होती. सेबेस्टियन मिस्साचा पांढरा शर्ट घडी करून पिशवीत घालत होता. विलासरावांना बघून लांबूनच ओरडला.

"आले का साहेब! आनलीत का पोरीला?"

विलासराव गडबडले. "हो हो. चला, चढा सगळे."

पण सेबेस्टियनचं तोंड बंद व्हायला तो काही दगड नव्हता. होडी पाण्याला लागल्यावर तो ज्ञानदालाच सांगायला लागला. "तुमचे बाबा त्या दिवशी आलेले. मी बोललो बसा, बसा. पानी पन होतं, जागा पन होती. पाय पान्यात घालून परत फिरले. पोरीच्या आदी जायचं नाय, बोलले. कोन असं करतं काय, सांगा!"

कऱ्हाळे मॅडमना फारच कौतुक वाटलं. "अगंबाई! म्हणजे काका, तुम्हीसुद्धा पहिल्यांदाच येताय?"

"म्हणजे... तसं..." विलासरावांचे कान लाल झाले. त्यांनी ज्ञानदाकडे बघितलं. ती होडीची कड धरून पाण्याकडे बघत होती. तिने मान वर केली नाही. रागावली असेल, त्यांना वाटलं. तीस वर्षं राहून बाबांनी काही बघितलं नाही हे सरांसमोर उघडं पडलं.

बेटावर उतरले, घरांमधून वाट काढत किल्ल्याच्या दरवाज्याशी आले. दगडात कोरलेले हत्ती आणि वाघ बघून निमसे सर थबकले, त्यांनी फोटो काढले. कऱ्हाळे मॅडम मात्र आपल्या विषयावर. चहूकडून खारं पाणी आणि आत गोडं पाणी, हे कसं? "काका, ती विहीर दाखवा ना आधी!"

आता विलासरावांची छाती भरून आली. हीच ती बुचातली विहीर. ते पुढे झाले आणि सेबेस्टियनने सांगितल्याप्रमाणे दरवाज्यातून सरळ निघाले.

"बाबा, तिकडे नको," ज्ञानदा मागून म्हणाली. "तिकडे नुसतं रान आहे. डावीकडून, त्या चिंचेखालून."

बोलून गेली आणि थांबली.

विलासरावही थांबले. चिंच अजून दिसत नव्हती. मधे पडकी भिंत होती.

पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही. ज्ञानदा खाली मान घालून पुढे झाली, भिंतीला वळसा घातला, चिंच आली, एका खाली झुकलेल्या फांदीखालून ती न बघता वाकली, आणि पलीकडे विहीर होती. विलासराव तिच्या मागून गेले. त्यांना खूप वाईट वाटलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. आपण ज्या गोष्टीसाठी पाण्यातून पाय मागे घेतला, ती तिने कधीच उरकून टाकली होती. कधी? कोणाबरोबर? त्यांनी विहिरीत डोकावून बघितलं. पाणी हिरवट होतं, वर चिंचेची पानं.

"काय निर्मळ जागा आहे!" निमसे सर पहिल्यांदाच आपणहून बोलले. "ज्ञानदा, तुम्ही लहानपणी इथे कितीदा आला असाल, नाही?"

विलासराव विहिरीतच बघत राहिले.

"नाही सर," ज्ञानदा म्हणाली. "बाबा मला आज पहिल्यांदा घेऊन आले."

शब्दाला शब्द खरं होतं. विलासरावांनी ते ऐकलं, आणि मग पाहुण्यांना तटाकडे नेलं. तटावर बसून सगळ्यांनी घावने खाल्ले. मॅडमनी विहिरीचं थोडं पाणी बाटलीत भरून घेतलं, तपासायला. एकंदर सहल झकास झाली असं सगळ्यांचं मत पडलं.

परत किनाऱ्यावर आल्यावर पाहुणे सुके बोंबील घ्यायला बायकांकडे गेले. मॅडमना वासाने शिंका येत होत्या तरी त्या भाव करत होत्या. सेबेस्टियन होडी बांधत होता. बापलेक सुरूच्या सावलीत पायांची वाळू झटकत बसले.

"कधी आली होतीस?" विलासरावांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"अकरावीत. मैत्रिणींबरोबर. कॉलेज बुडवून."

"म्हणजे केव्हाच." त्यांनी मनाशी हिशेब केला आणि सोडून दिला. "आणि त्यानंतरही विचारायचीस मला. अर्नाळा, अर्नाळा. का गं? थट्टा करायचीस बापाची?"

ज्ञानदा चपलेतली वाळू काढत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही सकाळी मी उठायच्या आत जायचात आणि रात्री मी झोपल्यावर यायचात. तुम्ही माझ्याशी ठरवून बोलायचात असं एवढं एकच होतं. मी जाऊन आले असं सांगितलं असतं, तर तुम्ही पुढच्या रविवारी म्हणायचं सोडून दिलं असतं."

विलासरावांचे डोळे भरले ते त्यांनी पुसले नाहीत, वाऱ्यावर सोडून दिले. पलीकडे मॅडमचा भाव पटला होता आणि निमसे सर पिशवी नाकापासून लांब धरून उभे होते.

"वसईचा किल्ला पण मी बघितलेला नाही," ते शेवटी म्हणाले.

"मीसुद्धा नाही. खरंच नाही, आईची शपथ."

"मग जाऊ की. पुढच्या रविवारी."

"पुढच्या रविवारी मी हैदराबादला असेन, बाबा."

"हो, तेही आहेच." त्यांनी चपला पायात घातल्या, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिला उठायला हात दिला. "मग त्याच्या पुढच्या."

"नक्की?" ज्ञानदाने विचारलं.

"नक्की," विलासराव म्हणाले, आणि पाहुण्यांना हाका मारत बसच्या थांब्याकडे निघाले.