गोदामात टांगलेली चित्रं

माझ्या धाकट्या भावाने, विजयने, वाटणीत मला फसवलं. आमच्या कळसाडी गावात राहिलेल्यांनी हे वाचावं आणि माझ्यासारखं सुरतेला गेलेल्यांनीही.

मी निघालो तेव्हा शहाद्याच्या स्टँडवर गाडी सुटेपर्यंत वडील उभे होते. खिडकीतून एवढंच म्हणाले, "पहिला भाव कधी मानू नको, भाऊ." त्या वाक्यावर मी कापड बाजारात दुकान उभं केलं. आधी दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे ताके वाहिले. आता मला पाहून दलाल चहा मागवतात, कारण सौदा लांबणार हे त्यांना ठाऊक असतं.

वाटणीला मी तसाच बसलो. नदीकाठचं केळीचं वावर मागितलं आणि विजयला कापसाचं जुनं गोदाम व त्यामागची खडकाळ जागा ठेवली. तो भांडेल, मग मी थोडं सोडेन, असा हिशेब. तो म्हणाला, "चाली, दादा." भांडला नाही, हीच त्याची लबाडी. त्याची बायको मनीषा चित्रकला शिकलेली. दोघांचं आधीच ठरलं होतं.

आज त्या गोदामात आर्ट गॅलरी आहे. मातीने लिंपलेल्या भिंतींवर मनीषाची आणि सातपुड्यातल्या कलाकारांची चित्रं, वर पिवळे दिवे. मागे पाहुण्यांसाठी सुइट. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला पुण्याची माणसं कितीतरी आधी खोल्या धरतात. माझी केळी एका वादळात आडवी होतात; चित्रांना काय होतं? ती पाहायला आलेला माणूस जाताना नवरा-बायकोचं कौतुक करून जातो. परवा माझ्याच गिऱ्हाइकाने मला विचारलं, गॅलरीवाले विजयभाई तुमचे कोण? ज्या बाजारात मी नाव कमावलं, तिथे मी आता विजयचा भाऊ.

हेही मी गिळलं असतं. पण यंदाची कानबाई.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, दळतात. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. आई जाताना सांगून गेली, "वावर वाटी ल्या, पन रोट वाटू नका." म्हणून मी दरवर्षी दुकान बंद ठेवून येतो. यंदा त्यांनी मला सुइटमध्ये उतरवलं. पांढरी चादर, पलंगावर टॉवेलचा हंस. माझ्याच गावात मी पाहुणा. सकाळी विचारलं, माझ्या नावाचे गहू कोणी काढले? मनीषा ताटं मांडत राहिली. विजय म्हणाला, "दिवाईले तूच बोलना व्हता ना दादा, आते आपलं काही एक नही. मंग तुन्हा रोट मी कसा टाकू?"

दिवाळीला रागात बोललो असेन. दुकानात मी रोज कोणाशी तरी कायमचं तोडतो आणि दुपारी तोच माणूस चहाला येतो. सुरतेत कोणी माझा राग खरा धरत नाही. कळसाडीत धरला. इतकी वर्षं मी घर समजत होतो ते नेमकं कुठे आहे, हे आता मलाच कळेनासं झालंय.

गोदाम ठेवा, खोल्या ठेवा, ते पिवळे दिवेही ठेवा. पण माझं नाव गाळायचं कोणी ठरवलं, विजयने की मनीषाने? भाऊबंदांनी दोघांना समोर बसवून विचारावं. आणि उत्तर निरोपाने नको. मी येतो, तोंडावर द्या.