बांगड्याचा नंबर आधी लागला

अंधेरीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये फायलींसाठी एक मोठं कपाट आहे. किश्शांसाठी काहीच सोय नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत जातात. मग चार माणसं जमली की मला राहवत नाही!

काम तसं गंभीर आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळांना ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसवतात. बाहेर कानामागे एक मशीन असतं. सर्जन आपलं काम करून मोकळा होतो. पण आलेल्या आवाजाचा अर्थ काय, हे बाळाला शिकवायचं आमच्यासारख्या स्पीच थेरपिस्टनी आणि घरच्यांनी. तेही लवकर, कारण भाषा शिकायची ती पहिली वर्षं पुन्हा येत नाहीत. म्हणून मी प्रत्येक घराला एकच सांगते: गप्प बसू नका, जे कराल ते बाळाला बोलून दाखवा.

लोक हे इतकं मनावर घेतील असं मला वाटलं नव्हतं.

*

कांजूरमार्गच्या एका बाळाचे बाबा मूळचे मालवणचे, पण अगदी मुखदुर्बळ. बाळासाठी म्हणून त्यांनी सुरुवात केली. आता मी मोजे घालतोय, हा डावा पाय, हा उजवा पाय. पुढे सवयच जडली. पवईच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये "आता मी लॅपटॉप उघडतोय, आता मी पाणी पितोय" असं चालू झालं. साहेबांनी काळजीने दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितली.

मला फार अपराधी वाटलं. त्यांच्या बायकोला म्हटलं, आता जरा कमी करू दे त्यांना.

ती म्हणाली, "मॅडम, लग्नाक आठ वर्सां झाली. ह्यो माणूस आता खंय बोलूक लागलो. त्येका थांबवू नकात."

*

पण माझा खरा साठा आहे तो वेसाव्याच्या जुईचा. सव्वा वर्षाची असताना तिचं ऑपरेशन झालं. बाबा बोटीवर, आजी मार्केटात मासे विकते, आई रेश्मा घर सांभाळते. पहिल्या दिवशी रेश्माने एकच प्रश्न विचारला होता, "ही मला आई म्हणेल ना?" असं वचन द्यायचं नसतं हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी "म्हणेल" असं ठोकून दिलं.

ऐकण्याची आमची एक साधी चाचणी असते. मी तोंडासमोर कागद धरून आवाज काढायचा, आणि आवाज ऐकू आला की बाळाने हातातला ठोकळा डब्यात टाकायचा. जुईने एकही आवाज सोडला नाही. मी हुरळून गेले. निकाल लिहायला वळले तर मशीनची बॅटरी माझ्याच टेबलावर चार्जरला! म्हणजे मशीन बंद आणि पोर पहिल्या नंबरात.

मग दिसलं. जुईच्या मागे आजी बसली होती आणि तिच्या पायाचा अंगठा जुईच्या पाठीला टेकलेला होता. मी आवाज काढला की अंगठा दाबला जायचा.

"आजी, हे काय?"

आजी खाली बघत म्हणाली, "पोरगी नापास झाली तर तुमी मशीन काढून घ्याल ना."

मला हसू येत होतं, ते तिथेच विरलं. मशीन जुईचंच आहे, कुणी काढून नेणार नाही, हे आजीला चार वेळा सांगावं लागलं.

*

पुढे जुई तो खेळ खरोखरच शिकली, आणि तिथे वाट लागली. आजी तिला एकदा मार्केटात घेऊन बसली. शेजारणीने हाक मारली, जुईने हातातला बोंबील समोरच्या बाईच्या पिशवीत टाकला. रिक्षाचा हॉर्न वाजला, दुसरा बोंबील. कुणीतरी शिंकलं, तिसरा. ती बाई पिशवी उघडी धरून अगदी शांत उभी राहिली, जायचं नावच घेईना.

आजी माझ्याकडे भांडायला आली. बोंबलांचा सगळा पाढा वाचून झाल्यावर जरा थांबली आणि म्हणाली, "रिक्षा पार तिकडं रस्त्यावर होती, मॅडम. तरी ऐकली तिनं."

*

मूल बोलायला लागलं की प्रत्येक नवा शब्द आईने डायरीत लिहायचा, असा आमचा नियम आहे. रेश्माने डायरी उघडून पुढे ठेवली. आजी, नको, बर्फ, चल, बांगडा. खाली बारीक अक्षरात एक शिवी, तीही अगदी स्पष्ट येते म्हणे. आई मात्र कुठेच नाही.

"मॅडम, बांगड्याचा नंबर माझ्याआधी लागला," रेश्मा म्हणाली.

मी मोठ्याने हसले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दिवसभर जुईसमोर बसून ती आई, आई म्हणत असायची. मला स्वतःचा भयंकर राग आला. ते "म्हणेल" मी कुठल्या तोंडाने म्हटलं होतं?

*

परवा सेशन नसताना रेश्मा जुईला कडेवर घेऊन आली. डायरी उघडली, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे काय म्हणून लिहू?"

झालं होतं असं. सकाळी ती मोरीत भांडी घासत होती, नळ चालू होता. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "गो रेश्मा!" सासूबाईंची ही हाक दिवसातून पन्नासदा येते. तोच वरचा सूर, शेवटी तोच लांबवलेला हेल. उशीर झाला तर दुसरी हाक गल्लीभर ऐकू जाते, म्हणून रेश्मा "आले, आले" करत साबणाचे हात गाऊनला पुसत धावली.

खोलीत जुई दोन्ही हात वर करून उभी होती.

सासूबाई तर तासाभरापूर्वीच मार्केटला गेल्या होत्या.