जवळ्याची जागा

आमच्या बंदरात होड्या इतक्या दाटीने लागतात, की भरतीला एक हलली की साऱ्या हलतात. धक्का वाढायला हवा, हे सगळ्यांनाच पटलेलं होतं. म्हणून सभेला अख्खा कोळीवाडा आला. बंदर खात्याच्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. नवा धक्का ऐसपैस होता. पण आमच्या बायका जिथे जवळा वाळवतात, त्या मोकळ्या जागेवर ट्रक उभे राहणार होते.

माझी आत्या उठली. "साहेब, होड्यांना जागा केलीत, ट्रकांना केलीत. आम्ही कुठे बसायचं?"

"मावशी, ती जागा रिकामीच आहे," साहेब समजुतीने म्हणाले. त्यांची पाहणी पावसाळ्यात झाली होती, आणि पावसात जवळा कोण वाळवतं?

आत्या वाद न घालता खाली बसली. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. आत्याने डोक्यावरची पाटी उतरवली आणि रेघेवरच जवळा पसरला. मागून इतर बायका आल्या. ऊन चढेपर्यंत एकही रेघ दिसेना.

मी बाजूला उभा होतो. जी जागा रोज झाडली जाते, जिथे राखणीला बसून बायका म्हाताऱ्या झाल्या, ती कागदावर रिकामी कशी दिसते, हे मला अजून कळलेलं नाही.

साहेबांची जीप येऊन थांबली. "मावशी, हा जवळा उचला."

"वाळला की उचलू," आत्या म्हणाली, "आणि उद्या ओला आणून पसरू."

जीप मागे गेली. आत्याने एक कावळा हाकलला आणि जवळा हाताने परतायला घेतला.