अप्पांच्या मोटारीला बसवलेली टाकी

अप्पांच्या जुन्या मोटारीचं पाणी उकळून रस्त्यावर सांडायचं. नांदेडहून आईच्या माहेरी, अहमदपूरला जाताना एकदा तरी थांबावंच लागे. अप्पा बॉनेट उघडून इंजिन थंड व्हायची वाट बघत आणि आई पाण्याचा कॅन घेऊन उन्हात उभी राही. उकळून बाहेर येणारं पाणी साठवणारी जास्तीची टाकी बसवायला अप्पा तयार नव्हते. गाडी मुळात होती तशीच राहावी, हा त्यांचा हट्ट.

आई गेली. पुढं मामाच्या मुलीच्या लग्नाला जायचं ठरलं, तेव्हा तेच मला म्हणाले, "टाकी बसवून घेऊ, बाई. आता कॅन कोण धरणार?"

आम्ही दोघांनीच ती अंगणात बसवली. रेडिएटरच्या तोंडाजवळची नळी मी टाकीला जोडली, त्यांनी क्लिप आवळली, झाकण बदललं. आता तापलेलं पाणी टाकीत जाणार होतं आणि गाडी थंड झाली की परत रेडिएटरमध्ये येणार होतं.

अहमदपूरपर्यंत गाडी कुठंच थांबली नाही. मामाच्या दारात पोचलो तरी अप्पा स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"अप्पा, चला ना. सगळे वाट बघून राहिलेत."

"एवढंसंच काम होतं," ते म्हणाले. "तिला किती उन्हात उभं केलं मी."

मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. त्यांना उतरायला लई वेळ लागला.