मागून न आलेली हाक

पोळ्याला बैलांच्या घुंगूरमाळा चिंचेने घासताना आंबट वास सुटतो, आणि माझे पाय अजूनही अस्वस्थ होतात.

महाराष्ट्र नवा होता आणि मी चाळिशीचा, नांदुऱ्याच्या बाजारातला बैलांचा दलाल. त्या वयात मी एका म्हाताऱ्या मास्तरांकडे कथक शिकत होतो. हसणाऱ्यांना शिव्या घालून शिकत होतो. पण बाजारात सगळ्यांच्या आधी भाव बोलायची सवय. पायही तालाच्या समेच्या आधीच पडायचा.

एके दिवशी मास्तरांनी चिंचेने घासलेले घुंगरू समोर ठेवले. मी हात घातला, तसे त्यांनी ते मागे ओढले.

"काऊन बे घाई करून राह्यला? समेले पकडाचं नसते, तिची वाट पाहाची असते. तुहे पाय अजून सौदा करून राह्यले."

"मंग राहू द्या मास्तर, मले नाही शिकाचं!" मी ताडकन उठलो.

सौद्यातून उठून गेलं की समोरचा मागून हाक मारतोच. मी मुद्दाम सावकाश चाललो. वळणापर्यंत गेलो. मास्तरांनी हाक मारली नाही.

एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?

मास्तर जाऊनही कैक वर्षं झाली. तरी माळ घातलेला बैल दारातून निघाला की मी तिथेच थबकतो, आणि मागे वळून न पाहता वाट पाहतो.